श्रीलंकेतील तरुण शस्त्राकडे का वळला? : एक अभ्यास

आमच्या अभ्यासवर्गात एकदा श्रीलंकेतील बौद्ध धम्म या विषयावर व्याख्यान झाले. महिंद आणि संघमित्रा, अनुराधपूरचा बोधिवृक्ष, कॅंडीचा दंतधातू, आणि १९५० साली त्याच कॅंडी शहरी भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची उपस्थिती, असे सर्व ओघाने आले. शेवटी बारावीत शिकणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, जिथे इतकी शतके पंचशील म्हटले जाते, तिथली पोरे बंदुका घेऊन एकमेकांच्या जिवावर का उठली?" वक्त्यांनी वेळ संपल्याचे सांगून चहाची सूचना केली. प्रश्न तसाच राहिला. त्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. श्रीलंकेतील यादवी म्हणजे केवळ सिंहली विरुद्ध तमिळ, असे आपण समजतो. परंतु त्या देशातील तरुणांचा पहिला मोठा सशस्त्र उठाव सिंहली बौद्ध मुलांचा होता, आणि तो सिंहली बौद्धांच्याच सरकारविरुद्ध होता. ५ एप्रिल १९७१ च्या रात्री जनता विमुक्ती पेरमुन, म्हणजे जेव्हीपी, या संघटनेच्या हजारो तरुणांनी गावठी बॉम्ब आणि शिकारीच्या बंदुका घेऊन देशभरातील पोलीस ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले चढविले. त्यांचा नेता रोहण विजेवीर त्या वेळी तुरुंगात होता. वर्षभरापूर्वीच्या निवडणुकीत यांपैकी अनेकांनी सिरिमाओ बंडारनायके यांच्या आघाडीचा प्रचार केला होता. म्हणजे मतपेटीवरचा विश्वास उडायला वर्षही लागले नाही!

ही मुले कोण होती? अडाणी, गुंड, बहकलेली? गणनाथ ओबेसेकर या मानववंशशास्त्रज्ञांनी पकडलेल्या सुमारे दहा हजार संशयितांच्या माहितीचा अभ्यास केला. बहुसंख्य मुले विशीच्या आसपासची, खेड्यांतील, गरीब घरची आणि शिकलेली होती. 'शिकलेली' या शब्दाशी विद्यार्थी मित्रांनी थोडे थांबावे. सिलोनमध्ये १९४५ पासून मोफत शिक्षण सुरू झाले आणि ते स्वभाषेतून मिळू लागले. शेतकऱ्याचा, मासेमाऱ्याचा, धोब्याचा मुलगा शाळेत गेला. हे त्या देशाचे मोठेच यश होय. परंतु १९४६ साली सुमारे ६६ लाख असलेली लोकसंख्या १९७१ साली १ कोटी २७ लाखांवर गेली, आणि कारखाने, कचेऱ्या काही दुप्पट झाल्या नाहीत. शिवाय सरकारची भाषा सिंहली झाली तरी चांगल्या नोकरीची भाषा इंग्रजीच राहिली. सिंहली तरुण इंग्रजीला 'कडुव' म्हणत. कडुव म्हणजे तलवार. मुलाखतीच्या खोलीत साहेबाने एक वाक्य इंग्रजीत विचारले की मान उडाली! आपल्याकडील मराठी माध्यमाच्या मुलांना हा शब्द वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

गरिबीमुळे माणूस बंडखोर होतो, असे सरधोपट विधान केले जाते. ते अपुरे आहे. पिढ्यान्‌पिढ्या गरीब असलेला त्यांचा बाप बंड करून उठला नव्हता. उठला तो मुलगा, कारण शाळेने त्याला एक आशा दाखवली होती आणि समाजाने ती त्याच्यादेखत मोडली. दुसऱ्या उठावानंतर सरकारने नेमलेल्या युवक आयोगाने १९९० च्या अहवालात आणखी एक गोष्ट ठळकपणे नोंदविली. नोकरीसाठी खासदाराची चिठ्ठी लागत असे. चिठ्ठीवाला आत आणि गुणवंत बाहेर, हे रोज पाहणाऱ्या मुलाच्या मनात गरिबीपेक्षा अन्यायाची जाणीव अधिक खोल रुतते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. १९५६ साली जगभर बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची २५०० वर्षे साजरी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि लाखो माणसे माणूसपणात आली. आणि त्याच वर्षी जूनमध्ये कोलंबोच्या संसदेत सिंहली ही एकमेव राजभाषा ठरविणारा कायदा संमत झाला. त्यासाठी बुद्धाच्या नावाने प्रचार करणाऱ्यांत भिक्षूही होते. पंतप्रधान बंडारनायके यांनी पुढे तमिळ नेत्यांशी तडजोडीचा करार केला, तो भिक्षूंच्या दडपणाखाली मोडला, आणि १९५९ मध्ये खुद्द बंडारनायके एका भिक्षूच्याच गोळीला बळी पडले. चीवर अंगावर असले म्हणजे द्वेष गळून पडतो असे नाही, हे आपण कटू वाटले तरी लिहून ठेवावे.

तमिळ तरुणाला हा कायदा वर्गातच भेटला. जाफन्याची जमीन कोरडी, उद्योग थोडे. तेथील कुटुंबांची सारी मदार शिक्षण आणि सरकारी नोकरी यांवर होती. १९७०–७१ च्या सुमारास विद्यापीठ प्रवेशासाठी भाषेनुसार वेगळे गुण ठरविण्यात आले. वैद्यकीय शाखेला सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्याला ४०० पैकी २२९ गुण पुरत, तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला २५० लागत. येथे आपल्या वाचकांच्या मनात आरक्षणाचा विचार येईल. म्हणून स्पष्ट सांगतो, ही तुलना फसवी आहे. आपल्याकडील आरक्षण शतकानुशतके शिक्षण नाकारलेल्यांसाठी आहे. तेथे बहुसंख्याकांच्या राज्याने भाषा पाहून अल्पसंख्य मुलाचा उंबरठा उंच केला होता. मागास जिल्ह्यांसाठीच्या जागा पुढे आल्या आणि त्यांत तथ्यही होते, पण तोवर मने फाटली होती. वेलुपिळ्ळै प्रभाकरन याने १९७५ मध्ये जाफन्याच्या महापौरांची हत्या केली तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. त्याच्या 'लिबरेशन टायगर्स' संघटनेची स्थापना १९७६ ची.

तरीही १९८३ पर्यंत या गटांत फार थोडे तरुण होते. अन्याय होता, बेकारी होती, पुढाऱ्यांची भाषणे होती, आणि बहुतेक मुले तरीही घरीच होती. मग मधे काय घडले?

१९८१ च्या जूनच्या आरंभी जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले, सुमारे ९७ हजार ग्रंथ राख झाले, आणि त्या रात्री गावात पोलीस होते. २३ जुलै १९८३ रोजी टायगर्सनी १३ सैनिक ठार केले. दुसऱ्या दिवसापासून कोलंबोत तमिळांची घरे, दुकाने आणि माणसे जाळण्यास सुरुवात झाली. जमावांच्या हाती मतदारयाद्या होत्या. वेलिकडे तुरुंगात, सरकारच्या कोठडीत, ५३ तमिळ कैदी मारले गेले. या 'काळ्या जुलै'नंतर तरुणांचे लोंढे संघटनांकडे वळले. भारतानेही या गटांना शस्त्रे व प्रशिक्षण दिले, हे आपण भारतीयांनी विसरू नये. या मुलांनी कोणत्याही विचारसरणीचे पुस्तक वाचले नव्हते. घरी बसलेला सुरक्षित राहतो हा समज त्या आठवड्यात जळाला. शिबिरात गेल्यास निदान हातात काहीतरी असेल, असा हा हिशेब होता.

आणि हा हिशेब एकट्याने मांडला जात नाही. थोरला भाऊ गेलेला असतो, वर्गमित्र गेलेला असतो, शिकवणीतल्या बाकावरची जागा एके दिवशी रिकामी दिसते. दक्षिणेत जेव्हीपीचेही तेच होते. गावोगाव रात्री गुपचूप 'पाच व्याख्याने' होत, आणि आणणारा ओळखीचाच असे. वर्ग घेणाऱ्यांनी त्यातला तिखटपणाही पाहावा. त्या व्याख्यानांत चहामळ्यांतील तमिळ मजुरांना, म्हणजे देशातील सर्वांत पिळलेल्या वर्गाला, भारतीय विस्तारवादाचे हस्तक ठरविले होते. क्रांतीच्या वर्गातही जुना द्वेष असा शिरतो.

जातीचा प्रश्न आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. जाफन्यात वेल्लाळ ही वरचढ शेतकरी जात. अस्पृश्य मानलेल्या जातींना मंदिरप्रवेशासाठी माविट्टपुरमला १९६८ मध्ये लढा द्यावा लागला. प्रभाकरन वेल्लाळ नव्हता, करैयार होता. संघटनेत जात विचारीत नसत. गणवेश आणि बंदूक मिळाली की कालपर्यंत तुच्छ लेखलेल्या मुलापुढे गावचा जमीनदार उठून उभा राही. मुलींचेही तसेच. हुंडा, पहारा, सैनिकांच्या अत्याचाराची भीती यांतून अनेकींना शिबिर ही मोकळी जागा वाटली. आणि बौद्धांत जात नाही, असे समाधान आपण करून घेऊ नये. १७५३ मध्ये स्थापन झालेल्या सियाम निकायात पुढे गोविगम जातीखेरीज इतरांना उपसंपदा मिळेनाशी झाली. म्हणून इतर जातींच्या भिक्षूंनी ब्रह्मदेशातून दीक्षा आणून अमरपुर निकाय उभारला. १९७१ च्या बंडखोरांत खालच्या मानलेल्या सिंहली जातींतील मुले लक्षणीय होती, असे काही अभ्यासकांनी दाखविले आहे. प्रतिष्ठेची भूक पोटाच्या भुकेइतकीच खरी असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण ती भूक आपल्याकडे ग्रंथ, संविधान आणि धम्म यांकडे वळली. ती तशी वळविणारा माणूस होता.

येथपर्यंत स्वेच्छेने गेलेल्यांचे झाले. पुढची कथा वेगळी आहे. १९८६ मध्ये टायगर्सनी 'टेलो' या दुसऱ्या तमिळ संघटनेचे शेकडो तरुण मारले. मग निवड उरली नाही. दरवर्षी २७ नोव्हेंबरला वीरदिन, शाळांतून प्रचार, गळ्यात सायनाइडची कुपी. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींना संघटनेने अल्पवयीन मुलांना न लढविण्याचा शब्द दिला, आणि तो पाळला नाही. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेच्या नोव्हेंबर २००४ च्या अहवालात घरटी एक मूल मागितल्याच्या हकिकती आहेत. त्याच वर्षी पूर्वेकडील कमांडर करुणा फुटला, त्याच्याकडील मुले घरी परतली, आणि टायगर्स त्यांना पुन्हा न्यायला आले, तेव्हा कित्येक आईबापांनी उघड विरोध केला. अशा मुलाला 'तू का लढलास' हा प्रश्न विचारणेच गैर होय. सिएरा लिओन या आफ्रिकी देशात हम्फ्रीज आणि वाइनस्टीन यांनी हजारावर माजी सैनिकांच्या मुलाखती घेतल्या. तेथील बंडखोर संघटनेतल्या बहुतेकांनी आपल्याला पळवून नेले होते असेच सांगितले.

या मुलांनी काय केले, तेही झाकू नये. १९८५ मध्ये अनुराधपूरला बोधिवृक्षाच्या परिसरात आणि शहरात मिळून सुमारे १४६ निरपराध माणसे टायगर्सनी मारली. १९८७ मध्ये अरंतलाव येथे ३३ भिक्षू मारले, त्यांत बहुतेक कोवळे श्रामणेर होते. त्याच सुमारास दक्षिणेत जेव्हीपीने दुसरा उठाव केला. त्यांनी विरोधकांना वेचून मारले, आणि सरकारी दलांनी व छुप्या टोळ्यांनी केवळ संशयावरून मुलांना उचलले. एम्बिलिपिटिय येथील तीसपेक्षा अधिक शाळकरी मुले अशी नाहीशी झाली. १९८७ ते १९८९ च्या या होरपळीत किती मेले याचे अंदाज ४० ते ६० हजारांपर्यंत जातात. सिंहली आईची आणि तमिळ आईची हातातील तसबीर तेव्हा एकसारखीच होती.

टायगर्सचे युद्ध मे २००९ मध्ये संपले. शरण आलेल्या सुमारे ११ ते १२ हजार जणांना पुनर्वसन केंद्रांत ठेवून पुढे सोडण्यात आले. कोणी सुतारकाम शिकले, कोणी शिवण. गावी परतल्यावर त्यांच्यावर पाळत राहिली आणि काम देताना लोक बिचकत. विद्यार्थीदशेत १९८७ साली जेव्हीपीत आलेले अनुर कुमार दिसानायके सप्टेंबर २०२४ मध्ये निवडणुकीने श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९७१ ला बॉम्ब बांधणाऱ्यांची संघटना मतपेटीतून सत्तेवर आली. आणि उत्तरेत किलिनोच्चीला बेपत्ता मुलांच्या आयांनी २० फेब्रुवारी २०१७ रोजी रस्त्याकडेला मांडव घालून धरणे धरले. त्यांचे म्हणणे एवढेच आहे, की आमचा मुलगा आम्ही स्वतः सैन्याच्या हवाली केला होता, तो कुठे आहे ते सांगा.