घरच्या डिस्कसाठी कानमंत्र

बाळा, सातबारा, कापसाच्या पावत्या, आजीचे फोटो, सगळं आता रोहणा गावच्या घरातल्या या एका कॉम्प्युटरवर आहे. डिस्क कधी ना कधी जाणारच, हे धरूनच मांडणी कर.

१. सुरुवात सारख्या मापाच्या दोन डिस्कनी कर. दोन्हींवर एकच मजकूर लिहिला जातो, त्याला रेड १ म्हणतात. ४ टीबीच्या दोन घेतल्यास तरी जागा ४ टीबीच मिळेल. कुरकुरू नकोस, एक गेली तरी काम थांबत नाही.

२. दोन्ही डिस्क एकाच खोक्यातल्या घेऊ नकोस. एकाच खेपेत बनलेल्या डिस्क एकाच दोषाने पाठोपाठ जाऊ शकतात. एसएमआर जातीची डिस्क टाळ, नवी डिस्क भरून घेताना ती फार रेंगाळते.

३. प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर चिठ्ठीवर लिहून तिच्या कडेला चिकटव. बिघाडाच्या दिवशी घाईत चांगलीच डिस्क उपसली जाते आणि सगळं हातचं जातं.

४. यूपीएस लावच. लिहिताना वीज गेली तर दोन प्रतींत फरक पडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा कॉम्प्युटरचा डबा भिंतीला चिकटवून ठेवू नकोस. पंख्याच्या जाळीवरची धूळ काढत जा.

५. जागा वाढवायची तर आधी वेगळी प्रत काढ. मग एक डिस्क बदल, ती पूर्ण भरू दे, नंतरच दुसरीला हात लाव. दोन्ही मोठ्या झाल्या की आधी रेड वाढव, मग त्यावरची फाइल सिस्टिम. दुसरी पायरी राहिली तर नवी जागा दिसतच नाही.

६. तिसरी डिस्क जोडून रेड ५ केलंस तर ४ टीबीच्या तिघींत ८ टीबी मिळतात, पण एकच डिस्क गेलेली सोसते. लिनक्सवर हे एमडीएडीएम या साधनाने होतं. फेरमांडणीला कित्येक तास लागतात. ती चालू असताना मशीन बंद करू नकोस.

७. महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क तपासून घे. क्वचित उघडलेल्या फाइलमधला दोष एरवी कळत नाही.

८. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते, वीज पडली तर दोन्ही जळू शकतात. म्हणून एक प्रत वर्ध्याला किंवा नागपूरला नातलगाकडे ठेव. वर्षातून एकदा तिच्यातला एक फोटो परत आणून उघडून बघ. उघडला, तरच ती प्रत खरी.