वाचकांचे प्रश्न : चॅनल बंद, तरी पैसे पूर्ण?

केबल आणि छत्रीच्या बिलांबद्दल बीड जिल्ह्यातून बरीच पत्रे आली आहेत. रक्कम दोनशे-तीनशे रुपयांची असते, म्हणून कोणी त्यावर वाद घालत नाही. पण ती दर महिन्याला जाते आणि ज्यांचे उत्पन्न हंगामावर चालते त्यांना ती नक्कीच जाणवते. त्यामुळे या वेळचा सगळा स्तंभ याच विषयाला देत आहे.

प्रश्न : आमच्या घरी केबल आहे. महिन्याचे पैसे भरून आठ दिवसही झाले नव्हते, तोच एका कंपनीचे सगळे चॅनल गेले. केबलवाल्याला विचारले तर म्हणतो, "वरूनच बंद आहे, कंपनीचं भांडण चालू आहे, माझ्या हातात काही नाही." पैसे परत मागितले तर हसतो. या भांडणात आमचा काय दोष?
— एक वाचक, गेवराई

उत्तर : तुमचा काहीच दोष नाही. केबलवाला म्हणतो तेही बहुधा खरे आहे, पण त्यामुळे तुमचा हक्क बुडत नाही.

चॅनल तुमच्या घरी तीन टप्प्यांनी येतो. पहिला टप्पा चॅनलची मालक कंपनी, म्हणजे ब्रॉडकास्टर. दुसरा मोठी केबल कंपनी, जिला केबलवाले 'एमएसओ' म्हणतात. तिसरा तुमच्या गल्लीतला केबलचालक. छत्रीच्या सेवेत शेवटचे दोन टप्पे एकाच कंपनीकडे असतात. पहिल्या दोघांमध्ये दरांचा लेखी करार असतो. तो संपला, नव्या दरांवर एकमत झाले नाही किंवा थकबाकी राहिली, की ब्रॉडकास्टर सिग्नल बंद करतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण फेब्रुवारी 2023 मधले आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नोव्हेंबर 2022 मध्ये चॅनलदरांचे नियम बदलले आणि ते 1 फेब्रुवारी 2023 पासून लागू झाले. स्टार, झी आणि सोनी यांनी नवे दर जाहीर केले. केबल कंपन्यांच्या 'ऑल इंडिया डिजिटल केबल फेडरेशन' या संघटनेने हे दर ग्राहकाला परवडणारे नाहीत असे म्हणत केरळ उच्च न्यायालयात धाव घेतली आणि तिच्या सदस्य कंपन्यांनी करारांवर सह्या केल्या नाहीत. 18 फेब्रुवारीला ब्रॉडकास्टरांनी त्यांचे सिग्नल तोडले. सुमारे साडेचार कोटी घरांतले चॅनल बंद झाल्याचे संघटनेने तेव्हा सांगितले होते. न्यायालयाकडून तातडीचा दिलासा मिळाला नाही. अखेर आठवडाभराच्या आत कंपन्यांनी सह्या केल्या आणि चॅनल परतले. दर मात्र वाढलेलेच राहिले आणि त्या बंद दिवसांचे पैसे परत मागायला हवेत, हे बहुतेक घरांत कोणाच्या लक्षातही आले नाही.

आता तुमच्या हक्काचे बघू. एक : ब्रॉडकास्टरला सिग्नल मनात येईल तेव्हा तोडता येत नाही. ट्रायच्या 2017 च्या नियमांप्रमाणे समोरच्या कंपनीला कारण सांगून किमान तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे चॅनल जाणार हे तुमच्या केबल कंपनीला आधीच माहीत असते. दोन : तुम्ही निवडलेला चॅनल मिळेनासा झाला, तर ज्या दिवसापासून तो बंद आहे त्या दिवसापासून त्याची किंमत तुमच्याकडून घेता येत नाही. ती बिलातून वजा व्हायला हवी. तीन : तुमचा व्यवहार केबल कंपनीशी आहे, ब्रॉडकास्टरशी नाही. पैसे घेऊन सेवा न देणे ही ग्राहक कायद्याच्या भाषेत 'सेवेतील त्रुटी' आहे आणि वरच्या कंपनीशी चाललेला वाद हे तिचे उत्तर होऊ शकत नाही.

कंपन्यांची आपापसातली भांडणे दिल्लीच्या टीडीसॅट या न्यायाधिकरणापुढे जातात. तुम्हाला तिकडे जाण्याची गरज नाही. तुमचा रस्ता जवळचा आहे, तो शेवटच्या उत्तरात दिला आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. घरात दोघेच असतो. बातम्या आणि दोन-तीन मराठी चॅनल सोडले तर आम्ही काही पाहत नाही. तरी दरमहा साडेतीनशे रुपये जातात. "पॅक हाच आहे, यापेक्षा कमी होत नाही," असे सांगतात. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : बरोबर नाही. मार्च 2017 च्या नियमांनी, जे 2019 च्या सुरुवातीला प्रत्यक्षात आले, ग्राहकाला प्रत्येक सशुल्क चॅनल सुटा निवडण्याचा अधिकार दिला आहे. अमुक पॅकच घ्या, अशी सक्ती कोणालाही करता येत नाही.

तुमच्या बिलात तीन भाग असतात. पहिला जोडणीचा आकार, ज्याला कंपन्या 'एनसीएफ' म्हणतात. दुसरा सशुल्क चॅनलांची किंवा पॅकची किंमत. तिसरा या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. बॉक्स भाड्याचा असेल तर त्याचे भाडेही त्यात धरलेले असते.

एनसीएफवर सुरुवातीला 100 चॅनलांसाठी 130 रुपयांची मर्यादा होती. 2020 च्या दुरुस्तीने त्याच 130 रुपयांत 200 चॅनल मिळू लागले आणि कितीही चॅनल घेतले तरी 160 रुपयांच्या वर जाता येत नव्हते. 8 जुलै 2024 च्या दुरुस्तीने ही मर्यादा उठवली. आता हा आकार प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, पण तो जाहीर करणे आणि ग्राहकाला कळवणे तिच्यावर बंधनकारक आहे. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : "माझ्या बिलात एनसीएफ किती?"

आता हिशेब मांडून पाहू. समजा एनसीएफ 130 रुपये आहे आणि तुम्ही 19, 10 आणि 8 रुपयांचे तीन चॅनल सुटे घेतले. बेरीज 167 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 30 रुपये 6 पैसे. एकूण झाले सुमारे 197 रुपये. बातम्यांचे कित्येक चॅनल मोफत असतात आणि सह्याद्रीसारखे दूरदर्शनचे चॅनल दाखवणे केबल कंपनीला कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यांची वेगळी किंमत पडत नाही.

मग पॅक इतके गळ्यात का मारले जातात? कारण पॅकमध्ये एका चालणाऱ्या चॅनलसोबत पाच न चालणारे खपतात. नियम असा आहे की 19 रुपयांपेक्षा महाग चॅनल पॅकमध्ये घालता येत नाही, आणि सुट्या किमतींच्या बेरजेवर ब्रॉडकास्टरला 45 टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही. म्हणजे सुट्या भावाने 60 रुपयांचे होणारे चॅनल पॅकमध्ये 33 रुपयांच्या खाली मिळणार नाहीत. त्यातले चार चॅनल तुम्ही खरोखर पाहत असाल तर पॅक स्वस्त पडेल. एकच पाहत असाल आणि तो 19 रुपयांचा असेल, तर 33 कशाला द्यायचे?

एक गोष्ट लक्षात ठेवा. 14 नोव्हेंबर 2024 पासून स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एकाच मोठ्या समूहाकडे आले आहेत. मोजक्या कंपन्यांच्या हातात जास्त चॅनल गेले की दर ठरवताना त्यांचे पारडे जड होते. अशा वेळी आपण काय पाहतो याची यादी ग्राहकाजवळ असणे आणखी गरजेचे ठरते. संध्याकाळी घरात बसून ती कागदावर काढा, खाली सही करा, बॉक्सचा किंवा कार्डाचा नंबर लिहा आणि केबलचालकाला द्या. स्वतःजवळ त्याचा फोटो ठेवा. अशी मागणी केल्यावर 72 तासांत बदल व्हायला हवा.

प्रश्न : आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातो आणि पट्टा पडल्यावरच गावी येतो. घराला कुलूप असते. परत आलो की केबलवाला पाच महिन्यांचे पैसे मागतो. नाही दिले तर बॉक्स चालू करत नाही. हे द्यावेच लागतात का?
— एक वाचक, धारूर तालुका

उत्तर : जिल्ह्यातून दर हंगामाला लाखो माणसे तोडीला जातात, त्यामुळे हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. आधीच उचल फेडायची असते, त्यात न पाहिलेल्या टीव्हीचे पाच महिन्यांचे पैसे म्हणजे मजुरीचे कितीतरी दिवस हकनाक जाणे आहे. म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

नियमांत सेवा तात्पुरती बंद ठेवण्याची सोय आहे. निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी तसे कळवायचे आणि किती महिन्यांसाठी ते सांगायचे. त्या काळात बॉक्सचे भाडे असेल तर तेवढेच लागते, बाकी काही घेता येत नाही. बॉक्स स्वतःच्या मालकीचा असेल तर तेही नाही. परत आल्यावर जोडणी चालू करण्याचे काही शुल्क लागू शकते, ते किती हे जाण्याआधीच विचारून घ्या.

आजकाल बहुतेक ठिकाणी आधी पैसे, मग सेवा अशी प्रीपेड पद्धत आहे. रिचार्ज संपला की बॉक्स आपोआप बंद पडतो, मग बाकी राहतेच कशी? गावात होते ते असे. केबलचालक स्वतःच्या खिशातून वरच्या कंपनीकडे तुमच्या बॉक्सचा रिचार्ज करतो आणि वहीत तुमच्या नावावर उधारी लिहितो. गावात राहणाऱ्यासाठी ही सोय असते. कुलूप लावलेल्या घरासाठी, तुम्ही सांगितलेले नसताना, अशी उधारी तुमच्यावर चढवता येत नाही. पण केबलचालकही आपल्याच गावचा असतो आणि त्याचेही पैसे अडकलेले असतात. म्हणून भांडणापर्यंत जाऊ नये यासाठी जाण्याआधी त्याच्या मोबाइलवर एक संदेश टाका :

"आमचा बॉक्स नंबर अमुक. आम्ही अमुक तारखेपासून पाच महिने कारखान्याला जात आहोत. तोपर्यंत सेवा बंद ठेवावी, रिचार्ज करू नये. आल्यावर कळवू."

हा संदेश पुसू नका. वाद झालाच तर तुमचा पुरावा तोच. लिहिता येत नसेल तर मुलाकडून, शिक्षकांकडून किंवा मुकादमाकडून लिहून घ्या.

प्रश्न : भारताचे क्रिकेट सामने पाहायला महागडा स्पोर्ट्स पॅक घ्यावाच लागतो का?
— एक वाचक, माजलगाव

उत्तर : भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि ट्वेंटी-20 सामने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेले आहेत. 2007 च्या कायद्यानुसार त्यांचे प्रक्षेपण हक्कदार कंपनीला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे लागते. पण ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ते प्रक्षेपण प्रसार भारतीने स्वतःच्या यंत्रणेवरच दाखवावे. म्हणून ते सामने डीडी फ्री डिशच्या छत्रीवर दिसतात, केबलवरच्या दूरदर्शनवर दिसत नाहीत. फ्री डिशला छत्री आणि बॉक्सचा एकदाचा खर्च आहे, महिन्याचे पैसे नाहीत. मात्र तिच्यावरचे खासगी चॅनल लिलावाने ठरतात आणि बदलत राहतात. घेण्याआधी तुमचे आवडते मराठी चॅनल सध्या तिथे आहेत का, हे शेजाऱ्याकडे पाहून खात्री करा.

प्रश्न : तक्रार नेमकी कुठे करायची? वकील लावून दोनशे रुपयांसाठी कोर्टात जाणे परवडेल का?
— एक वाचक, केज

उत्तर : वकिलाची गरज नाही आणि बहुतेक तक्रारी ग्राहक आयोगापर्यंत पोचतही नाहीत. पायऱ्या या आहेत.

पहिली पायरी : केबल किंवा छत्री कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. केबलचालकाला तोंडी सांगणे ही तक्रार होत नाही.

दुसरी पायरी : तिथे दाद लागली नाही तर कंपनीच्या राज्यासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी जा. त्याचे नाव-पत्ता कंपनीने संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे.

तिसरी पायरी : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. इथे मराठीत बोलता येते आणि तक्रार थेट कंपनीकडे पाठवली जाते.

चौथी पायरी : बीडचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो वा दिल्लीत, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रार स्वतः मांडता येते आणि ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज पाठवून वाट पाहत बसू नका.

एकाच गल्लीतल्या वीस-पंचवीस घरांचे चॅनल एकाच वेळी गेले असतील, तर सगळ्यांनी मिळून एकच तक्रार करा. त्यासाठी आयोगाची परवानगी घ्यावी लागते, पण एकट्याच्या दोनशे रुपयांपेक्षा पंचवीस घरांच्या कागदाला कंपनी लवकर उत्तर देते.

या सगळ्या पायऱ्यांवर एकच गोष्ट सारखी मागितली जाते, ती म्हणजे पैसे भरल्याचा पुरावा. आलेल्या बहुतेक पत्रांत तोच नाही. महिन्याच्या सुरुवातीला वसुलीचा मुलगा दारात येतो, रोख घेतो, वहीत टिक करतो आणि पुढच्या घरी जातो. पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तो देत नसेल तर रोख देणे थांबवा आणि मोबाइलवरून पैसे पाठवा, म्हणजे तारीख आणि रक्कम आपोआप नोंदली जाते. तेही जमत नसेल तर घरातल्या एका वहीत तारीख, रक्कम लिहून त्याची सही घ्या. ब्रॉडकास्टर आणि केबल कंपन्यांची भांडणे पुढेही होतील, दरही वाढतील. ती भांडणे तुम्ही थांबवू शकत नाही, पण न मिळालेल्या चॅनलचे पैसे परत मागू शकता, आणि ती मागणी टिकते ती पावतीवर. या महिन्याचे पैसे देताना ती मागून घ्या.