सपाट प्रदेशातील भूदृश्य आणि ऊष्मप्रवाह

ग्लायडर हे इंजिनावाचून उडणारे विमान होय. स्थिर हवेत ते सतत खाली येत असते. वर चढावयाचे तर त्याला वर जाणाऱ्या हवेचाच आश्रय घ्यावा लागतो. पुण्याजवळ हडपसर येथे ग्लायडिंग शिकणाऱ्याला सभोवतीच्या डोंगरांवरून वाऱ्याचा काही अंदाज बांधता येतो. कोलकात्याच्या परिसरात असा आधार नाही. म्हणून ग्लायडिंगच्या सिम्युलेटरसाठी, म्हणजे उड्डाणाचा आभास निर्माण करणाऱ्या संगणकीय यंत्रणेसाठी, हा प्रदेश उभा करणे ही खरी कसोटी ठरते. येथे चूक झाल्यास केवळ चित्र बिघडत नाही. शिकाऊ वैमानिकाला चुकीची सवय जडते, आणि प्रत्यक्ष उड्डाणात ती त्याला उंची गमावलेल्या अवस्थेत तळ्यावर किंवा दाट वस्तीवर आणून सोडू शकते.

१. भूमीची उंची

कोलकाता शहराचा बहुतेक भाग समुद्रसपाटीपासून १० मीटरांच्या आत आहे. या सपाटीची अडचण जुनीच आहे. १८३१-३२ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखाली बराकपूर रस्त्याच्या कडेने त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजण्यात आली, तेव्हा आसपास टेकडी नसल्यामुळे रेषेच्या टोकांशी मनोरे बांधावे लागले. सांप्रत सिम्युलेटरसाठी बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीचे आकडे वापरतात. परंतु रडारच्या लहरी झाडांचे शेंडे आणि घरांची छपरे यांवरूनही परततात. डोंगराळ मुलखात हा काही मीटरांचा फरक नगण्य होय. कोलकात्यात मात्र तो जमिनीच्या खऱ्या चढउताराएवढा किंवा त्याहून मोठा असतो. हे आकडे जसेच्या तसे घेतले, तर आमराया टेकड्या बनतात आणि गल्ल्या दऱ्या बनतात. यास्तव जमीन प्रथम सपाट करून घ्यावी आणि झाडे व इमारती तीवर स्वतंत्रपणे मांडाव्यात.

२. भूमीचा प्रकार

सपाट प्रदेशात ऊष्मप्रवाह कोठे उगम पावतो, हे उंचीपेक्षा जमिनीच्या ओलाव्यावर अधिक अवलंबून असते. सूर्याची उष्णता कोरड्या पृष्ठभागावर पडली की तिचा मोठा भाग लगतच्या हवेला मिळतो. ओल्या पृष्ठभागावर तीच उष्णता पाण्याचे बाष्प करण्यात खर्च होते. १ किलोग्रॅम पाण्यासाठी सुमारे २,४५० किलोज्यूल लागतात. शहराच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ प्रदेश आहे. तेथे सांडपाण्यावर मासे आणि भाजीपाला वाढवितात. हुगळी नदी, हा पाणथळ प्रदेश आणि भरलेली भातखाचरे येथे दुपारी प्रवाह क्षीण ठेवावेत. छपरे, धावपट्ट्या, वीटभट्ट्यांची आवारे आणि कापणी झालेली शेते येथे ते प्रबळ ठेवावेत. एकच शेत पावसाळ्यात जलाशयासारखे, तर चैत्रात तव्यासारखे वागते. तेव्हा भूमीचा नकाशा ऋतूनुसार बदलला पाहिजे.

३. प्रवाहाची उंची व वेग

वर जाणारी कोरडी हवा दर १०० मीटरांना सुमारे १ अंश सेल्सिअसने थंड होते. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांच्यातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे राशिमेघांचा तळ सुमारे १२५ मीटर वर जातो. समजा, एप्रिलच्या दुपारी कोलकात्यात तापमान ३६ अंश व दवबिंदू २५ अंश आहे. मेघतळ १,३७५ मीटरांवर येईल. त्याच दिवशी पुण्यात तापमान तेवढेच, पण दवबिंदू ८ अंश असेल, तर हीच उंची ३,५०० मीटर भरते. अर्थात हवेत तापमानाचे व्युत्क्रमण असल्यास, म्हणजे वरचा थर खालच्यापेक्षा उष्ण असल्यास, प्रवाह त्याखालीच अडतो. हिवाळ्यात याचे भान विशेष ठेवावे.

वेगाविषयी एक नियम उपयोगी आहे. विस्तृत प्रदेशावरील प्रवाहांचा वेग हा जमिनीकडून हवेला मिळणारी उष्णता आणि थराची जाडी यांच्या गुणाकाराच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून जाडी तीच राहून उष्णता एक-अष्टमांश झाली, तरी वेग निम्माच होतो. पाणथळीवरील हवा एकदम निर्जीव दाखविणे आणि छपरांवर अतिरेकी जोर दाखविणे, या दोन्ही चुका या नियमाने टळतात.

४. प्रवाहाचा आकार

ताशी ९० किलोमीटर वेगाने ४५ अंश कललेला ग्लायडर सुमारे ६४ मीटर त्रिज्येचे वर्तुळ घेतो. ३० अंश कलला तर ही त्रिज्या ११० मीटर होते. प्रवाह मध्यभागी प्रबळ आणि कडेला क्षीण असतो, व त्याच्या सभोवती हवा खाली येते. अरुंद प्रवाहात तीव्र कलाची किंमत, म्हणजे ग्लायडरच्या घसरणीचा वाढलेला वेग, मोजूनही लाभ होतो. सिम्युलेटरमधील प्रवाह नळीसारखा एकसारखा असेल, तर हा निर्णय शिकताच येणार नाही. शिवाय तो वाऱ्याबरोबर सरकला पाहिजे, आणि काही काळाने विरलाही पाहिजे. घारी घिरट्या घालताना दाखवावयाच्या, तर त्या प्रवाहातच दाखवाव्यात.

५. कालबैशाखी

मार्च ते मे या काळात बंगालच्या उपसागरावरील दमट हवा खाली आणि पश्चिमेकडील उष्ण, कोरडी हवा वर, अशी मांडणी होते. वरचा थर झाकणासारखा असतो. ते झाकण फुटले की गर्जन्मेघ उभे राहतात आणि वायव्येकडून वादळ शहरावर येते. यासच कालबैशाखी म्हणतात. वादळापूर्वी मेघाखाली हवा जोराने वर ओढली जाते. नवख्याला ती पर्वणी वाटते. पण पाठोपाठ सोसाट्याचा वारा, गारा आणि वीज येतात. सिम्युलेटरने हे आमिष दाखवावे, आणि त्याचा परिणामही दाखवावा.

अखेरीस, रचनेची पारख खऱ्या दिवसाशी ताडूनच करावी. भारतीय हवामान खात्याच्या दमदम येथील फुग्यांनी सकाळी मोजलेली तापमाने आलेखावर मांडावीत. दुपारच्या अपेक्षित कमाल तापमानापासून, १०० मीटरांना १ अंश या उताराने, रेषा वर काढावी. ती सकाळच्या आलेखाला जेथे छेदेल, तेवढ्या उंचीपर्यंत, वा मेघ त्याआधीच बनत असल्यास मेघतळापर्यंत, कोरडे प्रवाह चढतील. संगणकातील ग्लायडर त्याहून फार वर जात असेल, तर दोष वैमानिकाच्या कौशल्यात नव्हे, आपण रचलेल्या हवेत शोधावा.