घरच्या सोडणाचा सुंभ

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील गावांत ज्यांच्या परसात चार माड आहेत, त्यांच्या घरी नारळ सोलल्यावर सोडणे बहुधा पाणी तापविण्याच्या चुलीत जातात. त्याच घरी गुरांचे दावे मात्र बाजारातून विकत आणिलेले असते. सोडण जाळणे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. जळण सर्वांसच लागते. परंतु दारी पडलेल्या सोडणाचा सुंभ वळता येऊ नये, हेही बरे नव्हे. यास्तव ती विद्या येथे क्रमाने सांगतो.

१. काथ्या काढणे. सोडणात तंतू व भुसा एकमेकांस घट्ट चिकटलेले असतात. सोडणे पाण्यात बुडवून वर दगड ठेविले, म्हणजे सूक्ष्म जंतू तो चिकटपणा हळूहळू नाहीसा करितात. हिरव्या सोडणांस खाडीच्या मचूळ पाण्यात सहा ते दहा महिने लागतात. त्यांचा काथ्या मऊ व फिकट निघतो. वाळलेली सोडणे भिजून नरम झाली की कुटता येतात, पण त्यांचा काथ्या राठ व तांबूस असतो. पिण्याच्या विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडणे कधीही कुजवू नयेत. पाणी काळे पडून दुर्गंधी सुटते व मासे मरतात. भिजलेल्या सोडणाची साल काढून ते लाकडी मोगरीने कुटावे, भुसा झाडून टाकावा आणि काथ्या धुऊन वाळवावा.

२. वळणे. काथ्याचा तंतू साधारण वीतभर लांब. मग त्याची वीस हात दोरी होते कशी? तंतूंस पीळ दिला म्हणजे ते परस्परांस दाबून धरितात. ओढ जितकी अधिक तितकी पकड अधिक. परंतु एकटा पदर हातातून सुटताच उलगडू लागतो. म्हणून दोन पदर उजवीकडे पिळावे आणि मग ते एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळावे. आता प्रत्येक पदर उलगडू पाहतो, आणि त्याच्या त्या ओढीनेच दोरी आवळून राहते. सारी विद्या ह्या एका गोष्टीत आहे. अधिक बळकट दोर हवा असल्यास तिसरा पदर घालावा. पदर संपण्यापूर्वीच त्यात नवा काथ्या मिसळावा, आणि दोन पदरांचे सांधे एके ठिकाणी येऊ देऊ नयेत. दोरी तुटते ती तेथेच. पिळाने लांबी घटते, म्हणून पदर सुमारे तिसऱ्या हिश्श्याने लांब घ्यावे.

३. उपयोग व मर्यादा. सुंभ पाण्यावर तरंगतो व खाऱ्या पाण्यात फार टिकतो. अरबी समुद्रातील गलबतांच्या फळ्या शतकानुशतके काथ्याच्या दोरीने शिवीत असत. होर्मुझ येथील अशा गलबतांविषयी मार्को पोलो याने तेराव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेविले आहे. तथापि तितक्याच जाडीची नायलॉनची दोरी सुंभाहून पुष्कळ बळकट असते, हे मान्य केले पाहिजे. तिचे तुकडे मात्र शेतात व समुद्रात वर्षानुवर्षे कुजत नाहीत. सुंभ मातीस मिळतो. दावे, कुंपण, मांडव, होडी बांधणे ह्यांस सुंभ उत्तम. परंतु विहिरीत उतरणाऱ्या किंवा माडावर चढणाऱ्या मनुष्याचा जीव घरच्या सुंभावर कदापि टांगू नये. कोणताही जुना दोर वापरण्यापूर्वी पीळ उकलून आत पाहावे. आत भुकटी दिसल्यास तो टाकावा. गाठीपाशी दोराचे बळ निम्म्यापर्यंत घटते, हेही ध्यानात असावे.

४. उद्योग. काथ्याच्या धंद्याकरिता सरकारने १९५३ च्या कायद्यान्वये काथ्या मंडळ स्थापिले. वेंगुर्ले गाव १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. तेथील स्त्रियांनी सहकारी संस्थेच्या द्वारे हे काम चालविले आहे. एकटीने वळलेल्या सुंभास व्यापारी देईल तोच भाव. दहाजणींचा माल एकत्र विकला, तर भाव ठरविताना त्यांचाही शब्द चालतो.

अभ्यास. (१) उलटा पीळ न देता केलेली दोरी का टिकत नाही? (२) प्रत्येकाने दोन हात सुंभ वळून आणावा व सर्वांनी मिळून त्यातील सांधे तपासावे. (३) आपल्या विहिरीचा दोर आजच उकलून पाहावा.