पुरावा पुसू नका

वसतिगृहात आपल्याजवळ फोन नसतो. सुट्टीत घरी गेलो की बॅचचे व्हॉट्सअॅप ग्रुप जागे होतात आणि कधी कधी तिथे एखाद्याचा छळही सुरू होतो. माझ्या ओळखीच्या एका ज्युनिअरने धमक्यांचे सगळे मेसेज लाजेपोटी पुसून टाकले. वडिलांनी विचारले, तेव्हा दाखवायला काहीच उरले नव्हते.

असा पुरावा न्यायालयात कसा टिकतो, याचा धडा आपल्या जालन्यातून मिळाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर घेतले, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता. पुरावा होता निवडणूक कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरण. त्याचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम स्पष्ट केला: मूळ उपकरण मालकाने स्वतः न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्र लागत नाही; प्रत दिली तर लागते. मात्र सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तर त्या माणसाला सूट मिळू शकते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. त्यातील प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक भाग पुरावा देणारा भरतो, दुसरा तज्ज्ञ. त्यात फाइलची ‘हॅश’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच! फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. ३ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या चंडीगडमध्येच पंतप्रधानांनी नव्या फौजदारी कायद्यांची अंमलबजावणी राष्ट्राला अर्पण केली.

मग आपण काय करावे?

१. मेसेज, फोटो, कॉलची नोंद पुसू नका. आधी जपा, मग ब्लॉक करा.
२. स्क्रीनशॉटमध्ये नाव, नंबर, तारीख आणि वेळ दिसू द्या. तो कापू नका, त्यावर खुणा करू नका.
३. मूळ फोन रीसेट करू नका, विकू नका.
४. काय, कधी, कोणासमोर घडले, ते त्याच दिवशी वहीत लिहा.
५. अल्पवयीन मुलांचे अश्लील चित्र असेल तर प्रत काढू नका आणि पुरावा म्हणूनही कोणाला पाठवू नका. ते पसरवणे गुन्हा आहे. फोन थेट पालकांकडे द्या आणि पोलिसांना कळवा.

घरी सांगणे अवघड वाटले तर १०९८ ही बाल हेल्पलाइन आहे. तक्रारीला कोणी चुगली म्हणेल, म्हणू दे. ज्युनिअरचे रक्षण करणे हे सीनिअरचे पहिले कर्तव्य आहे.