कच्च्या वहीतील रोकड हिशेबात कशी आणावी?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी कित्येकांकडे दोन वह्या असतात. पक्की वही कर सल्लागाराकडे जाते, कच्ची गल्ल्याच्या खणात राहते. कच्च्या वहीतला धंदा काही चोरीचा नसतो, घाम गाळून केलेल्या कामाचीच ती कमाई असते. गिऱ्हाईक रोख देते, त्यातून कारागिरांचा आठवडा चुकता होतो, उरलेले घरात जाते आणि विवरणपत्र भरताना त्यातले काहीच धरले जात नाही. अशी तीन-चार वर्षे गेली की पेच पडतो. मुलासाठी गाळा घ्यायचा असतो, पैसाही असतो, पण तो कोठून आला हे कागदावर दाखवता येत नाही. बँक कर्जासाठी मागच्या वर्षांची विवरणपत्रे मागते, त्यात तर नफा दीड लाखाचा! दुकानाला आग लागली तर विमा कंपनीही मालाची किंमत हिशेबाच्या वह्यांवरूनच तपासते.

"सरकार पुन्हा एखादी सवलत योजना आणील, तेव्हा पाहू," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मागच्या योजनांचे दर त्यांनी एकदा पाहावेत. १९९७ च्या स्वेच्छा प्रकटीकरण योजनेत व्यक्तीला ३० टक्के कर भरून मोकळे होता आले. २०१६ च्या जून ते सप्टेंबरमधील योजनेत कर, अधिभार व दंड मिळून ४५ टक्के द्यावे लागले. त्याच वर्षीच्या नोटाबंदीनंतर जी योजना आली, तिच्यात जवळजवळ ५० टक्के गेले आणि वर २५ टक्के रक्कम चार वर्षे विनाव्याज अडकून पडली. वाट पाहणाऱ्याला दर वेळी अधिकच मोजावे लागले.

अशा योजनेची वाट पाहण्याचे कारण आता उरलेले नाही. २०२२ पासून आयकर कायद्यात अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. आधी विवरणपत्र भरलेच नसेल किंवा भरून त्यात उत्पन्न कमी दाखवले असेल, तरी ते स्वतःहून सुधारता येते. सुरुवातीला मुदत दोन वर्षांची होती, २०२५ मध्ये ती चार वर्षांची झाली. मुदत मोजायची ती कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून. कर व व्याज यांच्या बेरजेवर जादा कर लागतो : पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७० टक्के. समजा, लपलेल्या उत्पन्नावर कर ४० हजार व व्याज ६ हजार निघाले. पहिल्या वर्षात भरल्यास जादा कर ११,५०० रुपये, म्हणजे एकूण ५७,५०० रुपये होतात. चौथ्या वर्षी त्याच ४६ हजारांवर जादा कर ३२,२०० रुपये होतो, शिवाय तोवर व्याजही वाढलेले असते. विवरणपत्र मुळीच भरले नसेल तर विलंब शुल्क वेगळे. छापा किंवा सर्व्हे झाला असेल तर संबंधित वर्षांसाठी ही वाट बंद होते. उत्पन्न कमी करून परतावा मागण्यासाठीही ती नाही.

पुष्कळांना वाटते की २२ लाखांची रोख विक्री सांगितली तर २२ लाखांवर कर बसेल. तसे नाही, कर नफ्यावर आहे. दोन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकाला अंदाजित नफ्याची पद्धत घेता येते. रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरला जातो. २२ लाखांवर ८ टक्के म्हणजे १ लाख ७६ हजार. परंतु हीच रोकड खात्यात भरली, खुलासा मागितला गेला आणि धंद्याची आहे हे दाखवता आले नाही, तर अख्खी रक्कमच उत्पन्न ठरते. नोटाबंदीच्या वेळी अशा रकमेवरचा दर ६० टक्के करण्यात आला आणि अधिभार धरून तो ७७ टक्क्यांच्या वर गेला होता. बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा अधिक रोख जमा झाली की बँक ते विभागाला कळवते, हेही विसरू नये.

मात्र ८ टक्के ही खालची मर्यादा आहे. स्वतः हाताने काम करणाऱ्या सुताराचा किंवा जरी कारागिराचा खरा नफा याहून बराच जास्त असतो. खरा नफा २५ टक्के असताना ८ दाखवणे म्हणजे दुसरी कच्ची वही उघडण्यासारखेच आहे, आणि ते उघडकीस येण्याची वाटही सोपी आहे. घरखर्च, मुलांची फी, लग्नाचा खर्च, घेतलेले सोने, बँकेतील व हातातील शिल्लक यांची बेरीज मांडा. त्यातून वर्षभरात घेतलेले कर्ज आणि सुरुवातीची शिल्लक वजा करा. जो आकडा उरेल, साधारण तेवढे तुम्ही त्या वर्षी कमावले. दाखवलेले उत्पन्न याच्या आसपास नसेल तर चौकशीत पहिला प्रश्न तेथेच निघतो. म्हणून सल्लागाराकडे जाण्याआधी हा हिशेब घरी बसून करावा. कच्च्या मालाची बिले, वीजबिल, मजुरीच्या नोंदी, ऑर्डरची डायरी हे सारे कामाला येते.

या ठिकाणी एक पळवाट फार सुचवली जाते : आखातातील भावाने पैसे दिले असे दाखवा, किंवा मेहुण्याकडून उसने घेतले म्हणा. भावाने बँकेतून पाठवलेली भेट करमुक्त आहे, यात शंका नाही. पण ती खरोखर पाठवलेली असावी, खात्यात दिसावी. २० हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेणे कायद्यातच निषिद्ध आहे. म्हणजे उत्पन्न झाकायला सांगितलेली उसनवारी दुसरा गुन्हा पदरात घालते आणि मेहुण्यालाही कचेरीत नेते.

विक्री वाढवून दाखवताना जीएसटीकडे लक्ष द्यावे. महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा मालविक्रीसाठी ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख आहे. जॉबवर्क सेवेत मोडते, हे आपल्या कारखानदारांच्या ध्यानात राहत नाही. मर्यादा ओलांडली असेल तर तो करही १८ टक्के व्याजासह नोटीस येण्याआधी भरलेला बरा.

"आम्ही जकात काढतो, मग हा कर कशाला?" असाही सवाल येतो. जकात ही माणसाची इबादत आहे, कर हे राज्याचे देणे आहे. एकाने दुसरे फिटत नाही. व्याज नको म्हणून रोकड घरात ठेवणाऱ्यांनी चालू खाते उघडावे. त्यावर व्याज मिळतच नाही आणि गिऱ्हाइकाचे पैसे थेट तेथे जमा होतात.

कर, व्याज आणि जादा कर आधी भरायचा, चलनाची प्रत ठेवायची आणि मगच अद्ययावत विवरणपत्र दाखल करायचे. एका वर्षासाठी ते एकदाच भरता येते, म्हणून आकडे दोनदा तपासावेत. कच्ची वही मात्र फाडू नये. रोकड धंद्याचीच होती याचा तोच पुरावा आहे, आणि कापडात बांधून ती निदान दहा वर्षे जपावी.