केसपेपर आणि संगणक : रुग्णनोंदींच्या स्थित्यंतराचा एक अभ्यास

संस्थेस भेट देणारे देणगीदार एक प्रश्न हमखास विचारतात. बिल संगणकातून निघते, औषधांचा साठा संगणकावर दिसतो, मग रुग्णाचा केसपेपर अद्याप हातानेच का लिहिला जातो? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडील बहुतेक धर्मादाय रुग्णालयांत संगणक प्रथम आला तो रोखपालाच्या खिडकीवर. वैद्यकीय अभिलेख कक्षापर्यंत पोहोचावयास त्यास पुष्कळ काळ लागला. याचे कारण केवळ उदासीनता नव्हे. पैशाच्या व्यवहारास एकच मोजमाप असते व त्याची लेखनशिस्त शेकडो वर्षांची आहे. आजाराच्या नोंदीस तशी शिस्त नाही. एकाच मधुमेहास एक डॉक्टर ‘डीएम’ लिहितात, दुसरे ‘टाइप टू’, तिसरे नुसतेच ‘शुगर’. वाचणाऱ्या डॉक्टरांना तिन्हींचा अर्थ कळतो. मोजणाऱ्या संगणकास मात्र ते तीन निरनिराळे आजार वाटतात.

चालू अहवालवर्षात बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदी कागदावरून संगणकीय डेटाबेसमध्ये नेण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. तत्पूर्वी अन्य सेवाभावी संस्थांनी हे कसे साधले याचा आम्ही अभ्यास केला. तो अभ्यास आणि त्यावरून घेतलेले निर्णय विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर ठेवणे आम्हांस उचित वाटते; कारण या नोंदी रुग्णांच्या आहेत आणि त्यांवर होणारा खर्च देणगीदारांचा आहे.

प्रथम कागदाच्या बाजूने दोन शब्द. केसपेपरला वीज लागत नाही. डॉक्टर त्यावर पोटाची आकृती काढून गाठ कोठे लागली ते दाखवू शकतात. फाइलची जाडी पाहूनच परिचारिकेस कळते की हा रुग्ण दीर्घकाळचा आहे. एखाद्या औषधाची ॲलर्जी लाल शाईने ठळक लिहिली असेल तर ती सहसा नजरेतून सुटत नाही. तथापि कागद एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. फाइल शस्त्रक्रियागृहात असताना प्रयोगशाळेस ती मिळत नाही, आणि चुकीच्या कप्प्यात गेलेली फाइल असूनही नसल्यासारखी होते. वाळवी आणि पावसाळ्यातील ओल यांचा उपद्रव वेगळाच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जतन कराव्या लागतात आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. त्याच विनियमांत नोंदी त्वरित सापडाव्यात म्हणून संगणकीकरणाचा प्रयत्न करावा, असेही म्हटले आहे. म्हणजे हा विचार आजचा नाही.

आमच्या अभ्यासातील सर्वांत बोधप्रद उदाहरण दूरचे आहे. केनियातील एल्डोरेट शहराजवळ मोसोरियट नावाचे ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. तेथे २००१ साली मोई विद्यापीठ व अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठ यांच्या सहकार्यातून रुग्णनोंदींची संगणकीय व्यवस्था सुरू झाली. साधनसामग्री म्हणाल तर नेटवर्कने जोडलेले दोन संगणक, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस ही त्या काळी कोणत्याही कचेरीत आढळणारी आज्ञावली, आणि वीज गेल्यास आधार म्हणून सौरऊर्जेच्या बॅटऱ्या. व्यवस्था येण्यापूर्वी व आल्यानंतर घड्याळ लावून कामाची मोजणी करण्यात आली. रुग्णाची केंद्रातील एकूण भेट २२ टक्क्यांनी कमी वेळात आटोपू लागली. येथवर वाचून कोणासही समाधान वाटेल. परंतु त्याच मोजणीत असेही आढळले की कर्मचाऱ्यांचा रुग्णांशी बोलण्यात जाणारा वेळ निम्म्यावर आला, आणि त्यांचा खासगी कामांत जाणारा वेळ वाढला! अभ्यासकांनी ही बाब दडवून न ठेवता प्रसिद्ध केली, हे विशेष. संगणक वेळ वाचवितो. तो वेळ कोठे जावा हे ठरविणे मात्र प्रशासनाचे काम आहे. आमच्याकडे नोंदणी खिडकीवरील एका साहाय्यकास मोकळे करून अशिक्षित व वृद्ध रुग्णांस तपासणी कक्षापर्यंत नेण्याचे काम देण्याचा निर्णय याच आकड्यांवरून झाला.

मोसोरियटच्या अनुभवातून पुढे २००४ साली ‘ओपनएमआरएस’ या मुक्तस्रोत प्रणालीची उभारणी सुरू झाली आणि केनिया व रवांडा येथील एचआयव्ही उपचार केंद्रांत ती वापरात आली. तेथील एक पद्धत आम्हांस विशेष भावली. डॉक्टर संगणकावर लिहीत नसत. ते छापील नमुना भरत, नोंदसाहाय्यक तो संगणकात उतरवीत आणि पुढील भेटीच्या वेळी संगणक रुग्णाचा एका पानाचा गोषवारा छापून देई. एल्डोरेटच्या परिसरातील एका केंद्रात या पानावर ‘अमुक तपासणी राहिली आहे’ अशी सूचना छापावयास प्रारंभ केला. राहिलेली सीडी-४ तपासणी सांगण्याचे प्रमाण सूचना मिळणाऱ्या केंद्रात ५३ टक्के, तर न मिळणाऱ्या केंद्रात ३८ टक्के आढळले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातही छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’ या संस्थेच्या रुग्णालयात २०१३ साली ओपनएमआरएसच्याच पायावर उभारलेली ‘बहम्नी’ ही प्रणाली प्रथम बसविण्यात आली. तीत नोंदणी, प्रयोगशाळा, औषधसाठा आणि बिल ही सर्व अंगे एकमेकांस जोडलेली आहेत.

आमच्या बाह्यरुग्ण विभागातील गर्दी पाहता डॉक्टरांनी पडद्याकडे पाहत टंकलेखन करावे, हे आम्हांस तूर्त योग्य वाटले नाही. म्हणून एका पानाचा छापील नमुना डॉक्टर भरतील व त्याच दिवशी अभिलेख साहाय्यक तो संगणकात नोंदवील, अशी पद्धत ठेवली आहे. यात नोंद दुसऱ्या हातून होत असल्याने चूक शिरण्याचा संभव राहतो. त्यासाठी रोज काही नोंदी मूळ कागदाशी ताडून पाहिल्या जातात; हिशेबतपासनिसांच्या चाचणी-तपासणीसारखेच हे आहे.

तथापि सर्वांत अधिक विचार करावा लागला तो आजारांच्या नावांचा नव्हे, माणसांच्या नावांचा. समोर उभा असलेला रुग्ण आणि नोंदीतील रुग्ण एकच आहे, हे कसे ओळखावे? हे जमले नाही तर बाकी सारे व्यर्थ आहे. आपल्या समाजात ही बाब दिसते तितकी सोपी नाही. मुलगी अविवाहित असताना वडिलांच्या नावाने नोंदली जाते. लग्नानंतर मधले नाव बदलते, आडनाव बदलते, क्वचित पहिले नावही बदलते. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी येते तेव्हा सोबतची आई जुनेच नाव सांगते. दुसऱ्या खेपेस सासूबाई नवे नाव सांगतात. तिचे बाळ आठवडाभर ‘अमकीचे बाळ’ म्हणून नोंदीत राहते, बारशानंतर त्यास नाव मिळते, आणि सहा महिन्यांनी लसीकरणास येते ते त्या नव्या नावाने. वयाचे म्हणाल तर ‘असेल पन्नाशीचा’ हे उत्तर आजही मिळते. गावाचे नाव वडगाव सांगितले, तर कोणते वडगाव हा पुढचा प्रश्न. भ्रमणध्वनी क्रमांक घरातील थोरल्या मुलाचा असतो आणि तो पाच जणांच्या कागदांवर असतो.

त्यात रोमन लिपीतील लेखनाची भर. ज्ञानेश्वर हे एकच नाव ‘डी’पासूनही सुरू होते, ‘जी’पासूनही आणि ‘जे’पासूनही. एकाच व्यक्तीची तीन निरनिराळी खाती उघडली जाण्यास एवढे पुरे आहे. जुन्या अभिलेख कक्षात ही अडचण फारशी जाणवत नसे, कारण तेथील ज्येष्ठ सेवक चेहरा पाहून ‘मागल्या साली पायाच्या ऑपरेशनला आला होतात ना?’ असे विचारून फाइल काढून देत. ते ज्ञान कोणत्याही रजिस्टरात लिहिलेले नव्हते, आणि म्हणून कोणत्याही संगणकात आपोआप उतरणारही नव्हते. यास्तव नव्या व्यवस्थेत नाव देवनागरीत नोंदविले जाते. माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे, गावासोबत तालुका, आणि नवजात अर्भकाच्या नोंदीशी आईचा क्रमांक जोडला जातो. नोंदणी साहाय्यकांच्या नेमणुकीत टंकलेखनाच्या वेगापेक्षा परिसरातील वाड्या-वस्त्यांची माहिती आम्ही महत्त्वाची मानली.

प्रत्येक रुग्णास कायमचा क्रमांक दिला जातो. त्याचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला असतो. घाईत दोन अंकांची अदलाबदल झाली तर हिशेब जुळत नाही आणि संगणक सहसा तो क्रमांक स्वीकारत नाही. आधार क्रमांकाचा बारावा अंक याच जातीचा आहे. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू केलेल्या डिजिटल आरोग्य अभियानाचा चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक कोणाकडे असल्यास तोही नोंदविला जातो. तो ऐच्छिक आहे. नसल्यास उपचारास अडचण येत नाही.

एवढे करूनही दुहेरी नोंदी सापडतातच. त्या संगणकानेच परस्पर एकत्र कराव्यात, अशी सोय अनेक प्रणालींत असते. ती आम्ही वापरत नाही. एका रुग्णाच्या दोन नोंदी वेगळ्या राहिल्या तर त्याचा पूर्वेतिहास अपुरा दिसतो. परंतु दोन रुग्णांच्या नोंदी एक झाल्या तर एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर जातो. दोन्ही वाईटच, पण दुसरे जिवावर बेतणारे आहे. म्हणून संशयित जोड्यांची यादी संगणकाने द्यावी आणि निर्णय अभिलेख अधिकारी व डॉक्टर यांनी मिळून घ्यावा, असा नियम आहे.

वाणिज्य शाखेत शिकलेल्यांस एक गोष्ट येथे ओळखीची वाटेल. खतावणीत चुकीची नोंद खोडावयाची नसते. उलट नोंद करून ती दुरुस्त करावयाची असते. वैद्यकीय डेटाबेसमध्येही तोच दंडक आहे. चुकीचे निदान पुसले जात नाही. ते कोणी, केव्हा लिहिले आणि कोणी, केव्हा बदलले हे कायम राहते.

नोंदी आणि हिशेब एकमेकांस जोडण्याचा लाभ गरीब रुग्णांस होतो, तो असा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली लागू झालेल्या योजनेनुसार, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक अन्वये, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते आणि औषधे, साहित्य व रोपणसामग्री यांचा खर्च त्यातून खरेदी किमतीने वळता होतो. तहसीलदारांचा दाखला वा शिधापत्रिका एकदा पाहून रुग्णाच्या क्रमांकाशी जोडली की त्याच उपचारासाठी पुन्हा दाखल होताना नातेवाईकांस तीच कागदपत्रे घेऊन खिडकी-खिडकी फिरावे लागत नाही. शिवाय निधीचा विनियोग कोणत्या आजारांवर झाला, हे सांगण्यासाठी पूर्वी आठवडाभर फाइली चाळाव्या लागत. निदान ठरावीक संकेतांकाने नोंदविले असेल तर ते आता लगेच कळते.

येथे देणगीदारांस एक नम्र निवेदन. आपल्या देणगीतून किती रुग्णांचे डायलिसिस झाले हे आम्ही सांगू; कोणाचे झाले हे सांगणार नाही. विश्वस्तांनाही रुग्णाची वैयक्तिक नोंद पाहता येत नाही. आम्हां प्रशासकांच्या पडद्यावर बिल दिसते, निदान दिसत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही जबाबदारी अधिक स्पष्ट केली आहे. परंतु कायदा नसता तरीही, ज्या गावात सारेच एकमेकांस ओळखतात तेथे हे करावेच लागले असते. उघड्या रॅकवरील फाइलीपेक्षा डेटाबेस या बाबतीत सरस आहे, कारण नोंद कोणी उघडली याचीही नोंद राहते.

मुक्तस्रोत प्रणालीस परवाना शुल्क पडत नाही, याचा अर्थ ती फुकट पडते असा नव्हे. सर्व्हर, बॅटऱ्या, प्रशिक्षण व देखभाल यांचा खर्च दरवर्षीचा आहे, आणि यंत्रासाठी देणगी मिळते तितक्या सहजतेने देखभालीसाठी मिळत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला तेव्हा तेथील कामकाज कित्येक दिवस हाताने चालवावे लागले. यास्तव नोंदींची प्रत रोज घेऊन ती अन्यत्र ठेवली जाते, आणि ती प्रत खरोखर उघडते की नाही हे दरमहा पाहिले जाते. प्रत्येक विभागात छापील नमुन्यांचा गठ्ठा कुलूपबंद कपाटात ठेवलेला आहे. संगणक बंद पडल्यास त्यावर काम चालते.

जुन्या फाइली एकगठ्ठा संगणकात उतरविण्याचा प्रस्ताव आम्ही स्वीकारला नाही. जे रुग्ण परत येणारच नाहीत त्यांच्या नोंदींवर खर्च का करावा? त्याऐवजी रुग्ण प्रत्यक्ष येईल तेव्हा त्याच्या फाइलीतील निदान, शस्त्रक्रिया, ॲलर्जी, रक्तगट व शरीरात बसविलेली साधने एवढे संगणकात घेतले जाते. न्यायालयीन प्रकरणांच्या फाइली मूळ स्वरूपातच राहतील. आंतररुग्ण विभाग आगामी वर्षात या व्यवस्थेत येईल.

तोवर कुटुंबीयांस विनंती की नोंदणीच्या खिडकीवर येताना रुग्णाचे जुने कार्ड, मग ते कितीही जीर्ण असो, सोबत आणावे. पूर्वीचा उपचार माहेरच्या वा अन्य नावाने झाला असल्यास तसे सांगावे. आणि साहाय्यकाने गावासोबत तालुका विचारला तर कृपया रागावू नये.